स्वीडिशला जाताना इंग्रजीचा वळसा कशाला?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या पंधरवड्यात स्वीडिश भाषेतील नेहमीच्या वाक्यांचे एक कोष्टक प्रसिद्ध झाले होते. डावीकडे इंग्रजी, मध्ये स्वीडिश आणि उजवीकडे मराठी अर्थ अशी त्याची मांडणी होती. वरच्या भागात प्रश्न विचारण्याचे शब्द होते आणि खालच्या भागात 'इन', 'ऑन', 'ॲट', 'फॉर', 'टू', 'फ्रॉम' हे छोटे शब्द होते. प्रत्येकापुढे एकेकच स्वीडिश शब्द दिलेला होता. परदेशी शिकायला जाणाऱ्या खेड्यापाड्यांतील मुलामुलींसाठी असे काही छापून येते, याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही त्या कोष्टकाच्या मुळाशी असलेल्या समजुतीला माझा आक्षेप आहे, आणि तो का आहे हे सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहते. एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी इंग्रजी शिकवले, आणि 'इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, ॲट म्हणजे पाशी' असे मुलांकडून घोकूनही घेतले. स्वीडिश भाषेशी आपला कधी संबंध येईल असे स्वप्नातही नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन उप्साला येथील स्वीडिश कृषिविज्ञान विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी गेली, तेव्हापासून दर रविवारी रात्री आठ वाजता, म्हणजे हिवाळ्यात तिकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असताना, तिचा फोन येतो. तिचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे आणि तेथील बहुतेक लोकांना इंग्रजी येते. पण पाट्या, पत्रे, दुकानातील सूचना आणि लोकांचे आपसातले बोलणे स्वीडिशमध्येच चालते. आठवडाभरात कानावर पडलेली वाक्ये तिने सांगायची आणि मी ती दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायची, असा आमचा क्रम गेले दीड वर्ष चालू आहे. हे पत्र त्या वहीच्या आधारानेच लिहीत आहे.

तिकडे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिला एका वयस्कर बाईंच्या घरी खोली मिळाली होती. 'मी दोन दिवसांनी येते' एवढेच तिला त्यांना कळवायचे होते. बाईंना त्यांच्या भाषेत लिहावे, ते बरे दिसेल, असे पोरीला वाटले. तिच्याजवळ असेच एक कोष्टक होते आणि त्यात 'इन'पुढे 'ई' लिहिलेले होते. मनातल्या मराठी वाक्याचे तिने आधी 'इन टू डेज' असे इंग्रजी केले आणि मग त्या इंग्रजीचे 'ई त्वो दागार' असे स्वीडिश केले. बाईंना मिळालेल्या निरोपाचा अर्थ मात्र 'मी दोन दिवसांसाठी येते' असा होत होता. त्यांना खोली सहा महिन्यांसाठी द्यायची होती, दोन दिवसांचा पाहुणा नको होता. त्यांनी दुसऱ्या मुलीला होकार कळवून टाकला. पुढचे तीन आठवडे माझी भाची मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपली. चूक एका अक्षराची होती, आणि ते अक्षर तिने कोष्टकातून जसेच्या तसे उचललेले होते.

त्या रविवारी मी तिला विचारले, की तू मनात आधी काय म्हणालीस? 'दोन दिवसांनी' असेच ती म्हणाली होती. म्हणजे मराठीत तिने नेमका प्रत्यय निवडलेला होता, आणि तो प्रत्यय इंग्रजीच्या वाटेवर हरवला. आपल्या भाषेत 'दोन दिवसांनी येते', 'दोन दिवसांत करते' आणि 'दोन दिवस राहते' या तीन वाक्यांची सरमिसळ पहिलीतले मूलही करत नाही. पहिल्यात काळ उलटून गेल्यावर घडणारी गोष्ट आहे, दुसऱ्यात कामाला लागणारा काळ आहे, तिसऱ्यात गोष्ट चालू राहण्याचा काळ आहे. स्वीडिशमध्ये या तिन्हींना तीन वेगळे शब्द आहेत: पहिल्याला 'ओम', दुसऱ्याला 'पो' आणि तिसऱ्याला 'ई'. 'ओम त्वो दागार' म्हणजे दोन दिवसांनी, 'पो त्वो दागार' म्हणजे दोन दिवसांत, 'ई त्वो दागार' म्हणजे दोन दिवसपर्यंत. इंग्रजीतील 'इन टू डेज' मात्र पहिल्या दोन्ही अर्थांना चालते, आणि ऐकणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे असते. जो भेद मराठीत आहे आणि स्वीडिशमध्येही आहे, तो मधल्या भाषेत पुसला जातो. ('पो' हा शब्द लिहिताना 'पा'सारखा दिसतो, कारण त्यातील स्वराच्या डोक्यावर एक छोटे वर्तुळ असते, त्या वर्तुळाने उच्चार 'ओ'कडे जातो. कोष्टकात हे वर्तुळ गाळून 'पा' असे छापले गेले आहे, तेही दुरुस्त व्हायला हवे.)

हे साम्य इतके आतपर्यंत जाते, की पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी वही बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आपण नकारार्थी बोलताना 'दोन दिवसांत तिचा फोन आला नाही' असे म्हणतो. येथे कोणतेही काम दोन दिवसांत पुरे झालेले नाही, तरी प्रत्यय 'त' हाच येतो. स्वीडिश माणूसही अशा वेळी 'ई' सोडून 'पो' घेतो: 'हुन हार इन्ते रिंग्त पो त्वो दागार'. होकारात काळ चालू राहिला तर 'ई', आणि त्याच काळात काही घडले नाही असे सांगायचे तर 'पो'. इंग्रजीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा अपवाद म्हणून पाठ करावा लागतो. मराठी मुलाला 'दोन दिवसांत आला नाही' हे वाक्य आठवले की पुरते.

'दोन दिवसांपूर्वी' म्हणायचे असेल तर स्वीडिशमध्ये दोन शब्द लागतात, एक आधी आणि एक नंतर: 'फोर त्वो दागार सेदान'. 'फॉर' म्हणजे 'फोर' असे पाठ केलेल्या मुलाला यात 'दोन दिवसांसाठी' हा अर्थ दिसतो आणि तो गोंधळून जातो. कोष्टकात या जोडीचा उल्लेखच नाही.

वारांच्या बाबतीत मात्र मराठी पुरी पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपण 'सोमवारी गेले', 'सोमवारी जाईन' आणि 'दर सोमवारी बाजार भरतो' असे म्हणतो, आणि तिन्ही वेळा वारापुढे 'ई'च लागतो. गेलेला की येणारा हे क्रियापद सांगते. स्वीडिशमध्ये येत्या सोमवारसाठी 'पो मोन्दाग', गेल्या सोमवारसाठी 'ई मोन्दाग्स' आणि दर सोमवारसाठी 'पो मोन्दागार' असे तीन प्रकार आहेत. गेलेल्या वारासाठी शब्द बदलतो आणि वाराच्या शेवटी 'स'ही चिकटतो. 'ऑन' म्हणजे 'पो' एवढेच ज्याला ठाऊक आहे तो गेल्या सोमवारची गोष्ट सांगू लागला, तर ऐकणाऱ्याला ती येत्या सोमवारची वाटण्याचा धोका आहे. अशा ठिकाणी आपल्या बाजाराच्या दिवसाचे उदाहरण घेऊन 'गेल्या मंगळवारच्या बाजारात', 'येत्या मंगळवारच्या बाजारात' आणि 'दर मंगळवारच्या बाजारात' ही तीन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली, तर आमच्या मुलांना ते एका दमात समजेल.

आता प्रश्नांकडे वळते. मराठीतील बहुतेक प्रश्नशब्द 'क'ने सुरू होतात: कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती, का. स्वीडिशमधील बरेचसे 'व'ने सुरू होतात: 'वेम', 'वाद', 'वार', 'वारफोर', 'विल्केन'. १९०६ च्या लेखनसुधारणेपूर्वी यांतील अनेक शब्द 'ह्व' असे लिहिले जात, आणि इंग्रजीतही 'व्ह'चे शब्द तेच स्थान घेतात. भाषाशास्त्रज्ञ या सर्वांचे मूळ एकाच प्राचीन आदिध्वनीत शोधतात. आपल्याकडे त्याचा 'क' राहिला, उत्तर युरोपात त्याचा 'ह्व' झाला. म्हणजे आपला 'कोण' आणि त्यांचा 'वेम' हे दूरचे का होईना, एका कुळातले आहेत. आमच्या शाळेत ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर परक्या भाषेची निम्मी भीती तिथेच गेली असती.

प्रश्नांचे भाषांतर करताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रजी हवामानाबद्दल विचारताना 'व्हॉट' वापरते आणि शेवटी 'लाइक' जोडते. आपण सरळ 'हवामान कसे आहे?' म्हणतो, आणि स्वीडिश माणूसही 'ह्यूर ॲर वेद्रेत?' म्हणतो; 'ह्यूर' म्हणजे 'कसे'. वेळ विचारताना इंग्रजी पुन्हा 'व्हॉट' घेते. आपण 'किती वाजले?' असे विचारतो. स्वीडिशमध्ये 'वाद ॲर क्लोकान?' चालते आणि 'ह्यूर म्युके ॲर क्लोकान?' हेही चालते. यातले 'ह्यूर म्युके' म्हणजे अक्षरशः 'किती'. इंग्रजी लांबीसाठी एक आणि अंतरासाठी दुसरा शब्द घेते, तर आपण 'दोर किती लांब आहे?' आणि 'स्टेशन किती लांब आहे?' असे एकाच 'लांब'वर भागवतो. तेही दोन्हीकडे 'लोंग' या एकाच शब्दाची रूपे वापरतात. 'कोणता' या प्रश्नाची तर गंमतच आहे. इंग्रजीतील 'व्हिच' कधी बदलत नाही. आपला शब्द मात्र कोणता रस्ता, कोणती बस, कोणते गाव, कोणत्या बिया असा लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. स्वीडिशमध्येही 'विल्केन', 'विल्केत' आणि 'विल्का' अशी तीन रूपे आहेत, दोन नामाच्या लिंगाप्रमाणे आणि तिसरे अनेकवचनाचे. कोष्टकात 'विल्केन' एवढेच एक रूप दिलेले आहे. मराठी मुलाला एवढे सांगितले असते, की 'कोणता'सारखाच हा शब्दही फिरतो, तर त्याने पुढची दोन रूपे स्वतःहून विचारली असती.

'कुठे' या शब्दावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण येथे आमची वऱ्हाडी प्रमाण मराठीच्याही पुढे जाते. 'व्हेअर' म्हणजे 'वार' असे कोष्टक सांगते. पण 'तू कुठे राहतेस?' या प्रश्नात 'वार' येतो आणि 'तू कुठे चाललीस?' या प्रश्नात 'वार्ट' येतो. एका ठिकाणी असणे आणि एका दिशेने जाणे यांत स्वीडिश माणूस काटेकोर भेद करतो. बसथांब्यावर एका आजीबाईंनी भाचीला 'वार्ट स्का द्यू?' असे विचारले, तेव्हा तिने आपण राहते त्या वस्तीचे नाव सांगितले, आणि आजीबाईंनी मोठ्या आपुलकीने तिला उलट्या दिशेच्या बसकडे पाठवले. ते ऐकल्यावर मी तिला म्हटले, अगं, तुझी आजी काय म्हणायची ते आठव. आमच्या गावात बाई बाईला विचारते, 'कुठी राह्यते वं?' आणि रस्त्यात भेटली की विचारते, 'कुकडे चालली वं?' हा भेद वऱ्हाडीत उभा आहे; शाळेत आम्ही तो 'अशुद्ध' म्हणून खोडून काढला, आणि खोडणाऱ्यांत मीही होते. 'इथे आहे' आणि 'इकडे ये', 'तिथे आहे' आणि 'तिकडे जा' या जोड्या तर प्रमाण मराठीतही शाबूत आहेत. स्वीडिशमध्ये त्या 'हॅर' आणि 'हीत', 'दॅर' आणि 'दीत' अशा आहेत. फक्त 'घरी आहे' आणि 'घरी जाते' येथे आपला एकच शब्द दोन्हीकडे येतो, तर त्यांचे 'हेम्मा' आणि 'हेम' असे दोन होतात. तेवढे पाठ करावे लागते. 'का' या प्रश्नाचेही तसेच आहे. 'वारफोर'मधील 'फोर' म्हणजे 'साठी'. वऱ्हाडी माणूस 'कायले?' म्हणतो तेव्हा तोही प्रश्नशब्दाला प्रत्यय जोडूनच कारण विचारत असतो.

भाचीला सर्वांत आधी आपलासा वाटलेला छोटा शब्द 'हूस' हा आहे. इंग्रजीत 'डॉक्टरकडे', 'आजीकडे', 'मैत्रिणीकडे' म्हणताना 'ॲट' लावून माणसाच्या नावाला षष्ठीचा 'एस' जोडावा लागतो आणि 'घर' हा शब्द गृहीत धरावा लागतो. स्वीडिशमध्ये 'हूस' म्हणजे सरळ 'कडे' आहे, माणसाच्या घरी किंवा त्याच्या आश्रयाला असण्याचा. शिवाय तिकडे आईची बहीण 'मूस्तेर', वडिलांची बहीण 'फास्तेर', आईचा भाऊ 'मूरबरूर' आणि वडिलांचा भाऊ 'फारबरूर' अशी नाती वेगवेगळी आहेत. 'हूस मूस्तेर' म्हणजे मावशीकडे. इंग्रजीत या नात्याचा भेदही हरवतो आणि 'कडे'चा जिव्हाळाही. दिवाळीच्या सुट्टीत पोरगी माझ्याकडे राहायची, ते वाक्य तिने स्वीडिशमध्ये लिहून पाठवले तेव्हा तिला कोणतेही कोष्टक उघडावे लागले नाही. (जाण्याच्या अर्थाचा 'कडे' मात्र वेगळा; 'मावशीकडे जाते' म्हणताना 'तिल' लागतो.)

'पासून' आणि 'पर्यंत', 'हून' आणि 'ला' यांत फार अडचण नाही. 'फ्रोन' आणि 'तिल' बहुतेक वेळा काम भागवतात. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी पालखी आम्ही लहानपणापासून पाहतो, तेच वाक्य मी भाचीला करायला दिले. 'पायी' या शब्दापाशी ती अडली. त्याला 'तिल फूट्स' म्हणतात. 'तिल' या शब्दापुढे पूर्वी नामाला षष्ठीचा 'स' लागत असे. तो नियम इतरत्र गेला आणि अशा मोजक्या शब्दप्रयोगांत गोठून राहिला. आपल्या 'पायी', 'घरी', 'दारी' या शब्दांतही जुनी सप्तमी अशीच गोठलेली आहे. दोन भाषांच्या म्हाताऱ्या रूपांनी असे एकाच शब्दात येऊन बसावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

इंग्रजीचा प्रत्येक ठिकाणी अडथळाच होतो असे माझे म्हणणे नाही. बसमध्ये आणि रेल्वेत असण्याला इंग्रजी 'ऑन' म्हणते आणि स्वीडिशही 'पो' म्हणते. आपण 'बसमध्ये' म्हणतो, तेव्हा येथे इंग्रजी आठवणे सोयीचे आहे. 'कोणाची वाट पाहतेस?' या प्रश्नात इंग्रजी छोटा शब्द शेवटी टाकते, तसेच स्वीडिशही करते: 'वेम वेन्तार द्यू पो?' यातला शेवटचा 'पो' मराठी मुलाकडून हमखास गळतो, कारण आपला प्रत्यय 'कोणाची' या शब्दालाच चिकटलेला असतो. पण त्या जागी कोणता शब्द यायचा, हे इंग्रजीवरून ठरवता येत नाही. वाट पाहणे, विचार करणे, ऐकणे आणि पाहणे या चारही क्रियांना इंग्रजीत वेगवेगळे छोटे शब्द लागतात, स्वीडिशमध्ये चारही ठिकाणी 'पो' चालतो. लग्नाच्या बाबतीत इंग्रजी 'टू' म्हणते, तर स्वीडिश 'मेद' म्हणते, जो आपल्या 'शी' आणि 'बरोबर' यांचा सख्खा आहे. 'एक पेला पाणी' आणि 'एक किलो बटाटे' म्हणताना आपल्याला मध्ये काहीच लागत नाही, त्यांनाही लागत नाही. इंग्रजीतून जाणारा मुलगा मात्र तेथे 'ऑफ'साठी शब्द शोधत बसतो. आणि एक जागा अशी आहे, जिथे मराठी व इंग्रजी दोघीही चुकवतात: 'याला स्वीडिशमध्ये काय म्हणतात?' या, नव्या माणसाला रोज लागणाऱ्या प्रश्नात 'ई' नव्हे, 'पो' येतो. 'वाद हेतेर दे हॅर पो स्वेन्स्का?' हे वाक्य कोष्टकात पहिल्या ओळीला असायला हवे होते, आणि ते कोष्टकात कुठेच नाही.

होय-नाहीच्या प्रश्नांत इंग्रजीतील 'डू' या मदतनीस शब्दाला स्वीडिशमध्ये जोडीदार नाही. क्रियापद उचलून पुढे ठेवले की प्रश्न झाला: 'तालार द्यू स्वेन्स्का?' आपण शेवटी 'का' जोडतो, तेही क्रियापदाला दुसऱ्याचा आधार देत नाही. उत्तर देताना मात्र सावध राहावे लागते. 'जेवली नाहीस का?' असे विचारले असता आपण 'हो, नाही जेवले' असे म्हणतो. 'हो' हा विचारणाऱ्याच्या अंदाजाला दिलेला असतो. स्वीडिशमध्ये अशा नकारार्थी प्रश्नाला 'या', म्हणजे 'हो', असे उत्तर देत नाहीत. जेवण झाले असेल तर 'यू' म्हणतात, न झाले असेल तर 'नेय' म्हणतात. 'यू' म्हणजे आपला 'जेवले की!' यातला ठसक्याचा 'की'. इंग्रजीत असा स्वतंत्र शब्द नाही, म्हणून इंग्रजी स्तंभ असलेल्या कोष्टकात त्याला घरच मिळालेले नाही. माझी भाची थकून घरी आली असता तिला सोबतिणीने हाच प्रश्न विचारला, तिने आपल्या सवयीने 'या' म्हटले, आणि ती जेवली असे समजून सोबतिणीने उरलेला भात झाकून ठेवला.

उच्चारांबद्दल थोडेच लिहिते. स्वीडिशमध्ये 'र'नंतर 'त', 'द' किंवा 'न' आला तर बहुतेक प्रदेशांत दोन्ही मिळून आपला 'ट', 'ड' किंवा 'ण' होतो. मूल म्हणजे 'बार्न', पण बोलताना ते स्वच्छ 'बाण' ऐकू येते. शेतवाडी म्हणजे 'गोर्द', ते 'गोड' होते. आणि वर आलेला 'वार्ट' जवळजवळ 'वट्ट' असा म्हणतात. इंग्रजांना हे ध्वनी मुद्दाम शिकावे लागतात. आपल्या मुलांच्या जिभेवर ते जन्मापासून आहेत, आणि कोष्टकात दिलेले उच्चार इंग्रजी वळणाचे असल्याने तो फायदाही वाया गेला आहे.

'हाऊ आर यू' या प्रश्नासमोर कोष्टकात 'तू कसा आहेस?' असे मराठी छापले आहे. स्वीडिश 'ह्यूर मोर द्यू?' मधील 'द्यू' लहानथोर सर्वांना चालतो. १९६७ मध्ये तेथील आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी कार्यालयातील सर्वांना 'द्यू' म्हणण्याचे जाहीर केले आणि त्याच सुमारास साऱ्या देशात पदव्यांनी संबोधण्याची रीत मागे पडली. आमच्या मुलीला आपल्या प्राध्यापिकेला 'द्यू' म्हणताना पहिले काही महिने जीभ जड व्हायची. म्हणून अशा वाक्यापुढे मराठीत 'तू कसा आहेस? / तुम्ही कशा आहात?' अशी दोन्ही रूपे द्यावीत आणि तिकडे एकच रूप चालते हे एका ओळीत सांगावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर येथे मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. स्वीडनने २००९ मध्ये कायदा करून स्वीडिशला आपली मुख्य भाषा ठरवले, आणि तेथे रहिवासी म्हणून नोंद झालेल्या परक्या प्रौढांना ती विनामूल्य शिकवली जाते. मराठीतून थेट स्वीडिश, जर्मन, जपानी अशा भाषांकडे नेणारी, आपल्या प्रत्ययांपासून सुरुवात करणारी छोटी पुस्तके तयार करणे हे रिद्धपूरच्या विद्यापीठाने हाती घेण्याजोगे काम आहे, असे मी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून सुचवू इच्छिते. त्यासाठी 'इन', 'ऑन', 'ॲट' हे पहिले स्तंभ काढून टाकावे लागतील. त्यांच्या जागी 'नी', 'त', 'ला', 'हून', 'शी', 'कडे' हे आपले प्रत्यय व शब्द ठेवावे लागतील आणि प्रत्येकापुढे एक शब्द न देता दोन-तीन पुरी वाक्ये द्यावी लागतील.

आपल्याकडून मात्र माझी मागणी लहान आहे. पुरवणीच्या पुढील अंकात निदान चार दुरुस्त्या छापाव्यात: काळ सांगताना 'इन'पुढे केवळ 'ई' न देता 'ओम' आणि 'पो' हेही वाक्यांसह द्यावेत, 'व्हेअर'पुढे 'वार' आणि 'वार्ट' दोन्ही द्यावेत, 'विल्केन'ची तिन्ही रूपे द्यावीत, आणि 'पा' असे छापलेले 'पो' करावे. माझ्या वहीची पहिली साठ पाने मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली आहेत. आपल्या संपादकीय विभागाला हवी असल्यास त्यांची छायाप्रत आर्वीहून टपालाने पाठवीन. भाची येत्या जूनमध्ये सुट्टीवर येणार आहे, तेव्हा तिच्याकडून ती सारी पाने एकदा तपासून घेण्याचेही ठरले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका
ता. आर्वी, जि. वर्धा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)